खयामा म्हणजे कुठे?

मी एक जुनी पोस्ट आहे. अमळनेर तालुक्यातल्या एका गावी, काच तडकलेल्या मोबाइलवर माझा जन्म झाला. मला लिहिणाऱ्या दिपमालाताई शेती करतात. खान्देशातल्या शेतकऱ्यांच्या एका खुल्या चर्चामंचावर त्यांनी मला आपल्या बोलीत लिहिलं, "मी खयामा गहूनी कोठीमा कीडानी गोयी ठेवी, झाकन लाई टाकं. औंदा एक बी कीडा नही."

मी एवढीशीच होते, मित्रांनो, पण लोकांनी मला डोक्यावर घेतलं. सोनगीरच्या सुपडूनानांनी खाली लिहिलं, "अक्का, भारी काम करं!" मी अगदी फुगून गेले होते. आता त्याची लाज वाटते.

आमच्याकडे खयं, म्हणजे खळं, ही गावाबाहेर गुरं बांधायची आणि चारा रचायची जागा. तिथे माणसं झोपत नाहीत. हे आमच्याकडचं शेंबडं पोरही जाणतं, म्हणून ताईंनी ते लिहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी कोकणातल्या एका वाचकाने विचारलं, "आमचं खळं तर घराच्या दारातच असतं. तिथे चालेल का?" ताई दचकल्या. त्यांनी लगेच मला जोड दिली, "खयं म्हंजे गावबाहेरनी जागा. घरमा गोयी कधीच ठेवानी नही. तिना गॅस इखारी शे." गोयी म्हणजे धान्यात ठेवायची कीडनाशक गोळी, आणि इखारी म्हणजे विषारी.

पण तोवर उशीर झाला होता. घरगुती उपाय छापणाऱ्या एका वेबसाइटने मला दुसऱ्याच दिवशी उचललं होतं. विचारलं कुणाला? कुणालाच नाही. माझी बोली त्यांना कळेना, म्हणून त्यांनी मला शुद्ध मराठी केलं आणि 'खयामा'चं 'घरामध्ये' करून टाकलं. ताईंचं नाव आणि तालुका मात्र खाली जसाच्या तसा ठेवला. तिथून मला आणखी चौघांनी उचललं.

ताईंच्या नजरेला ते पडलं. त्यांनी पाचही ठिकाणी लिहिलं, हे काढा, माणूस मरेल. चार जण गप्पच राहिले. पहिल्या वेबसाइटचं उत्तर आलं, "तुमची पोस्ट सार्वजनिक आहे. जी कुणीही वाचू शकतो, ती कुणीही छापू शकतो."

महिन्याभराने बोदवडच्या राजदीपने माझी ती नक्कल वाचली. त्याने घरामध्ये, आई झोपते त्याच खोलीत, गव्हाच्या कोठीत गोळी ठेवली. त्याची आई, पार्वताबाई, सकाळी उठल्याच नाहीत.

नाव आणि तालुक्यावरून शोधत राजदीपने ताईंना फोन केला. आधी तो नुसता रडत होता. मग म्हणाला, "ताई, तुम्ही घरात ठेवा असं का लिहिलं?"

"नही रे भाऊ," ताई म्हणाल्या, "मी खयामा लिखं व्हतं."



"खळं तर आमचंही आहे, ताई. गावाबाहेर. रिकामंच पडलंय."

त्यानंतर ताईंनी मला पुसायला घेतलं होतं. पण मी गेले असते तर ती खालची ताकीदही गेली असती, आणि नकला तर तशाच राहिल्या असत्या. म्हणून त्यांनी मला ठेवलं. आता माझ्याकडे फारसं कुणी फिरकत नाही.

मित्रांनो, मी चारचौघांत बोललेली गोष्ट आहे. मला खुशाल वाचा. पण दुसरीकडे न्यायची असेल, तर जिने लिहिलं तिला आधी विचारा. ती सांगेल, खयामा म्हणजे कुठे, आणि नंतर तिने काय जोडलं. एवढं विचारायला कितीसा वेळ लागला असता?

पार्वताबाई गेल्यावर त्या पाचांपैकी तिघांनी मला काढून टाकलं. दोन ठिकाणी मी अजून आहे, 'घरामध्ये' म्हणत, ताईंच्या नावानिशी. आणि यंदाचा गहू आता घरोघरी कोठीत भरला जातो आहे.