चरबी गेली कुठं?

"मांडी, खांदा, का बरगडी?" करिश्माने मोबाईलमधल्या कॅलरी मोजायच्या ॲपचा प्रश्न मोठ्याने वाचला आणि समोर पसरलेल्या गोणपाटाकडे पाहिलं. डोकं गरगरायला लागलं.

ईट गावात रविवारी पाच-सहा घरं मिळून एक बोकड घेतात, आणि महारुद्र तात्या त्याचे वाटे घालतात. सगळे वाटे अगदी सारखे! प्रत्येक ढिगात मांडीचं थोडं, बरगडीचं थोडं, काळजाचा तुकडा, हाडं आणि वर चरबीचा पांढरा गोळा. कुणाला तक्रारीला जागाच नको.

"तात्या, यातलं मांडीचं किती आन् बरगडीचं किती?"

"तुझ्या फोनला सांग, आमच्याकडं अख्खा बोकड असतो," तात्या म्हणाले. बाकीचे खो-खो हसले.

करिश्मा हसली नाही. तिच्या आबांच्या पोटाच्या ऑपरेशनचा प्रश्न होता. आबा म्हणजे तिचे वडील, नाव श्रीमंत, चाळीस मेंढरांचे धनी. हर्नियामुळे आता कोकरू उचलायचीसुद्धा बंदी. धाराशिवच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, वजन नव्वदच्या खाली आणा, मग तारीख देतो. तेव्हा काटा शहाण्णववर होता. शाळेच्या प्रदर्शनात 'संतुलित आहार' तक्त्याला पहिलं बक्षीस मिळाल्यापासून करिश्माला जगातला कुठलाही आहार अवघड वाटत नव्हता. तिने ठणकावून सांगितलं होतं, "आबा, माझ्यावर सोडा."

आबांनी सोडलं होतं, आणि तिथंच गोंधळ सुरू झाला होता. ॲप विचारायचं, कच्चं की शिजवलेलं? हाडासकट की हाडाशिवाय? चरबी काढलेली की ठेवलेली? एका ठिकाणी शंभर ग्रॅमला दीडशे कॅलरी, दुसरीकडे तीनशे. म्हणजे एकच बोकड, पण बटण बदललं की दुप्पट!

"आबा, यात चरबी किती असंल?"

आबांनी गोळा नुसता हातावर तोलला. "पावशेराला थोडी कमी. बोकड जित्तं असतानाच पाठीवर बोट दाबलं हुतं म्या. लई माजलेलं हुतं."

घरी येऊन तिने वजनकाट्यावर ठेवला. दोनशे दहा ग्रॅम. ती बघतच राहिली. हे गणित कुठल्या ॲपमध्ये होतं?

शेवटी तिने नेहमीचा नियम लावला. आबांना फोडी दोनच, त्याही बिनचरबीच्या. रस्सा मात्र हवा तेवढा, कारण रस्सा म्हणजे पाणीच की. आई, म्हणजे दैवशाला, पातेल्याजवळून म्हणाली, "तेल तर म्या टाकतच न्हाय. चरबी वितळवायची, त्यातच मसाला भाजायचा." करिश्माने खूश होऊन वहीत लिहिलं: तेल शून्य.

आबांनी दोन फोडी खाल्ल्या, बाकीच्या तिच्या ताटात सरकवल्या. मग तीन भाकरी कुस्करून, वर लालभडक तर्री ओतून ताट चाटूनपुसून साफ केलं.

"मन मारायचं शिकलो बघ आता," ते समाधानाने म्हणाले.

सोमवारी सकाळी डॉक्टरांकडे जायचं होतं. कडाक्याची थंडी होती. शिळा रस्सा गरम करायला म्हणून करिश्माने पातेल्याचं झाकण काढलं आणि जागीच थबकली. रश्श्यावर दुसरं झाकण होतं! पांढरं, जाडजूड, मधे लालसर. तिने चमचा मारला तर टक् आवाज आला.

"आई, हे काय गं?"

"चरबी हाय की. गोठली थंडीनं."

"पण ती तर वितळून गेली होती ना?"

"वितळली म्हंजे गेली व्हय? जाईल कुठं?"

करिश्माने ते झाकण खरवडून काट्यावर ठेवलं. एकशे चाळीस ग्रॅम. म्हणजे उरलेली सत्तर…? तिला तर्रीने लाल झालेलं कालचं ताट आठवलं. एका ग्रॅमला नऊ कॅलरी, हे तर तिच्याच तक्त्यावर जाड अक्षरात लिहिलं होतं!

"आबा," तिचा आवाज अगदी बारीक झाला, "तुमी चार रविवार फोडी सोडून चरबीच खाल्ली. म्याच खाऊ घातली."

आबांनी पातेल्यात डोकावून पाहिलं. "आन् त्या चांगल्या फोडी म्या तुला देत हुतो?"

धाराशिवला काटा साडेचौऱ्याण्णववर थांबला. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "काही पाळलेलं दिसत नाही."

"पाळलंय सायेब, पोरीनं सांगितलं तसंच," आबा म्हणाले आणि जीभ चावली.

करिश्माचे कान तापले. पण ती पुढे झाली. "सर, चूक माझी आहे. मी रस्सा म्हणजे पाणीच धरलं."

डॉक्टरांनी आधी तिच्याकडे, मग तिच्या वहीकडे पाहिलं. 'तेल शून्य' या ओळीवर त्यांचं बोट थांबलं आणि ते हसले. "महिनाभर देतो. या वेळी रस्साही मोज. आणि भाकरी तीन नको, दीड."

परतीच्या एसटीत आबा खिडकीबाहेर बघत होते. भूमच्या पुढे आल्यावर हळूच म्हणाले, "मग पुढच्या रविवारचा वाटा बंद का?"

"न्हाय. घ्यायचा. पण रविवारी शिजवायचा आन् सोमवारी खायचा."

"वास घेत दिवसभर बसू व्हय म्या?"

"मेंढरांकडं जाऊन बसा."

पुढच्या सोमवारी पातेल्यावरचं झाकण निघालं, एकशे नव्वद ग्रॅमचं. आईला ते टाकवेना. आबांनी बोटावर थोडं घेतलं, जिभेकडे नेलं, करिश्माचे डोळे पाहिले आणि हात खाली आणून वहाणांना चोळायला सुरुवात केली. उन्हात कडक झालेलं चामडं बघता बघता मऊ पडलं, चकाकायला लागलं.

"ऑपरेशन झालं की मेंढरांमागं चालायचंय," ते म्हणाले.

काट्यावर आबा होते त्र्याण्णव. नव्वद अजून लांब होतं. करिश्मा वही उघडून बसली. एकशे नव्वद गुणिले नऊ, सतराशे दहा. पण लिहायचे कुणाच्या नावावर? आबांनी खाल्ले नाहीत, आईने नाहीत, तिनेही नाहीत. बराच वेळ पेन चावून तिने शेवटी लिहिलं: वहाणा, १७१०.