लाभ, दोन, तीन

दुपारी साडेतीनची मुलांची शेवटची खेप संपली आणि गंगूबाईंनी दारातून आवाज दिला, "मॅडम, तेवीस. सारे गेले."

आकांक्षाने काउंटरवरचं रीळ पाहिलं. मुलांच्या मनगटावर बांधायच्या कागदी पट्ट्यांचं ते रीळ. प्रत्येक पट्टीवर नंबर. या खेपेत तेवीस पट्ट्या गेल्या होत्या. तेवीस आत, तेवीस बाहेर. फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून ती अमरावतीच्या या खेळघरात सुपरवायझर झाली, तेव्हा पहिला नियम तिने हाच घातला होता : दोन्ही आकडे जुळल्याशिवाय पुढची खेप आत सोडायची नाही. काउंटरवरचा प्रीतम तेव्हा हसला होता. "पोरं हायत मॅडम ते, लॅबमधले उंदरं नाही." पण दोन महिन्यांत आकडा एकदाही चुकला नव्हता.

ती दिवे बंद करायला वळली, तेव्हा चेंडूंच्या हौदात मधोमध काहीतरी हललं. चार-पाच चेंडू उचलले गेले आणि परत बसले.

फुगवलेल्या घसरगुंडीचा पंखा बंद होता. चेंडूंचा ढीग एकदा बसला की आपणहून हलत नाही.

"पाल असन," प्रीतम म्हणाला.

आकांक्षा हौदात उतरली. चेंडू मांड्यांपर्यंत आले. वरच्या चेंडूंचं वजन फार नसतं, हे तिला ठाऊक होतं. पण घाबरलेलं लेकरू हातपाय मारतं आणि आणखी खाली जातं, हेही ठाऊक होतं. दोन्ही हातांनी उपसत ती मध्यापर्यंत गेली. हाताला मोजा लागला. मोज्यात पाय होता, आणि गरम होता.

चारेक वर्षांची मुलगी निघाली. श्वास चालू होता. ती रडत नव्हती. मनगटावर पट्टी होती, नंबर चौदा.

"नाव काय तुझं?"

"गजाला."

गंगूबाई धावत हौदाशी आल्या. "मी तेवीस मोजले वो मॅडम. देवाशपथ."

"कसे मोजले, दाखवा."

गंगूबाई दाराशी परत गेल्या. दाराच्या चौकटीवर त्यांनी तळवा ठेवला. "लाभ," त्या म्हणाल्या. मग उंबरठ्यावरच्या रिकाम्या जागेकडे, जणू पहिलं मूल तिथे उभं आहे असं बोट केलं. "दोन. तीन." खळ्यावर धान्याचं माप घालताना 'एक'ऐवजी 'लाभ' म्हणून मोजतात तसं. "लेकरं मोजू नाही, नजर लागते. पयला आकडा चौकटीले द्याव. लेकरापासून दोन."

"म्हणजे आज बावीसच बाहेर गेले."

"हो न."

"आणि रोज असंच मोजता?"

"पयल्या दिवसापासून. तुमी आतच राहता, तुमाले कसं दिसन?"

आकांक्षाने गजालाला मांडीवर घेतलं, पाणी पाजलं. चूक सापडली होती, मूल सापडलं होतं. तरी तिचा जीव थाऱ्यावर येईना. गंगूबाईंचा आकडा रोज एकाने जास्त. आणि तो पट्ट्यांशी रोज जुळायचा. म्हणजे रोज, प्रत्येक खेपेत, पट्टी घेतलेलं एक जण बाहेर गेलेलंच नव्हतं.

आत सोडताना पालक मुलांची नावं लिहितात ते रजिस्टर तिने ओढलं. या खेपेत नावं बावीस, पट्ट्या तेवीस. आधीच्या खेपेत नावं सतरा, पट्ट्या अठरा. तिने पानं मागे उलटली. प्रत्येक पानावर एक नाव कमी.

"फाटत असन एखांदी पट्टी," प्रीतम म्हणाला.

"प्रत्येक खेपेत? आणि एकच?"

हौद आता निपचित होता. संध्याकाळी आवरताना तिथे थोडी सळसळ असायचीच. तिने ती नेहमी पंख्यावर ढकलली होती.

"वो लडका बोला, मैं रोज इधरीच रहता," गजाला ग्लास खाली ठेवत म्हणाली. "बोला, आज तू रुक, मैं जाता."

आकांक्षाने पुन्हा हिशोब केला. रजिस्टरात नावं बावीस. त्यातलं एक तिच्या मांडीवर. उरली एकवीस. आणि दारातून बावीस गेली होती.

चौदा नंबरसमोर लिहिलं होतं : गजाला, सोबत नानी जैनबबी, मुक्काम अकोला. मग मोबाइल नंबर. एवढा वेळ झाला, नात हरवली म्हणून नानी परत कशी आली नाही, हे तिला आत्ता सुचलं. तिने फोन लावला.

"जैनबबी, मी खेळघरातून बोलते. गजाला..."

"काय राह्यलं का तिचं तिथं?" मागे ऑटोची घरघर होती. "बडनेऱ्याले चाल्लो आमी. अकोल्याची गाडी हाय. गजाला हे काय, माह्या मांडीवर. ओढणीत तोंड घालून झोपून राहिली. हात मातर गार पडले पोरीचे."

"नानी, तिच्या मनगटावरच्या पट्टीचा नंबर वाचता का?"

फोनमध्ये ओढणी सरकवल्याची सळसळ झाली.

"तेवीस हाय, बेटा. कावून?"

आकांक्षाने मांडीवरच्या मुलीचा हात घट्ट धरला. "ऑटो थांबवा. गाडीत चढू नका. मी गजालाला घेऊन येते."

जैनबबीने अगदी हळू विचारलं, "कोणाले?"