जिरवलेली अंडी

नेकोचीनं हंसीच्या फाडलेल्या पोटात हात घातला, आतडी बाजूला सारली आणि बोटांवर काहीतरी घेऊन चुलीच्या उजेडात धरलं. मोहरीएवढे पिवळे दाणे, सुकून सुरकुतलेले.

"ही पण तसलीच. पाचवी. एकीच्याही पोटात अंडं नाही."

सून, हादने, दुसऱ्या हंसीची पिसं उपटत होती. तिनं मान वर केली नाही.

"होतं, पण तिनंच जिरवलं," म्हातारी म्हणाली. "जून अर्धा सरला, जमीन दिसत नाही. घालणार कुठं, बर्फावर? यंदा उंदीरही नाहीत. उंदीर नाहीत म्हणून घुबडांनी घरटी केली नाहीत, आणि घुबडं नाहीत तर कोल्ह्याला हाकलणार कोण? त्याला अंड्यांशिवाय खायला उरलंय काय? परवा तंबूत शिरून माझा जोडा चावत होता मेला."

वादळाचा तिसरा दिवस. सूर्य मावळत नव्हता, तरी बाहेर स्वतःचा हात दिसत नव्हता. तंबूची कातडी खांबांवर आपटत होती. हादनेचा नवरा पुदाको रेनडिअरच्या कळपाकडे गेला होता आणि जाताना बायकोला सांगून गेला होता, वादळ थांबलं की तुझा भाऊ स्लेज घेऊन येईल. सहा वर्षं झाली, मूल नाही. हादनेला बापाच्या तंबूत परत जावं लागणार होतं. तिथं तिच्यासाठी तीन पोरांचा एक विधुर आधीच शोधून ठेवला होता.

"पक्ष्यांचं बरं," हादने म्हणाली. "त्यांना जाब विचारायला कुणी येत नाही."

"अगंबाई, जीभ आहे की तुला! सहा वर्षं कुठं चरायला गेली होती?"

म्हातारीनं हात पुसले. अंगरख्याच्या आतून तिनं एक चपटं चंदेरी पाकीट काढलं आणि दोघींच्या मधल्या फळीवर ठेवलं.

"काल बायकांच्या स्लेजवरून फळ्या काढल्या. त्यांच्याखाली तुझ्या बुटात होतं."

त्या स्लेजला पुरुष हात लावत नाहीत, विटाळ मानतात. जगात याहून सुरक्षित जागा नाही, असं हादने सहा वर्षं धरून चालली होती. सासू पुरुष नाही, एवढंच ती विसरली.

"डोकेदुखीच्या गोळ्या आहेत."

"मलाही दिल्या होत्या ठाण्यावरच्या दवाखान्यातल्या नर्सनं. चार पोरं झाल्यावर. तेव्हा माझं डोकं फार दुखायचं."

हादनेचे हात थांबले.

"माझ्या चौघांना सरकारनं हेलिकॉप्टरनं नेलं दूरच्या शाळेत," नेकोची म्हणाली. "थोरला शहरात दारूनं गेला. मुलीशी बोलायला मला दुभाष्या लागतो. तिसरा तिथंच तापानं गेला, मला कळवलं सुट्टी लागल्यावर. परत आला तो हा तुझा नवरा एकटा. हाही झोपेत त्यांच्याच भाषेत बोलतो."

"शाळेत पहिल्या दिवशी त्यांनी माझी वेणी कापली, आई. सात वर्षांची होते. मी पोसायचं आणि त्यांनी वरून येऊन उचलायचं? मी नाही देणार."

"मग त्याला सांगायचंस तसं."

"सांगितलं असतं तर त्यानं मारलं नसतं. रडला असता. मग मी ऐकलं असतं त्याचं."

बाहेर कुत्री भुंकली. म्हातारीनं पाकीट उचलून अंगरख्यात घातलं.

पुदाको वाकून आत आला. अंगावरचा बर्फ झटकत, बायकोकडे न बघता म्हणाला, "ओसरतंय. दुपारपर्यंत तिचा भाऊ पोचेल. सामान बांधलं का?"

"भावाला माघारी पाठव," नेकोची म्हणाली.

"आई, ठरलंय ना आपलं."

"शाळेत तुला गालगुंड झालं होतं. आठवतं?"

"सगळ्यांनाच झालं होतं. त्याचं काय आता?"

"तुझं खाली उतरलं होतं. डॉक्टर म्हणाला, याला मूल होणार नाही. मी कुणाला सांगितलं नाही. हिला बोल लागत होते, लागू दिले. मीही लावले."

पुदाको उभाच राहिला. बुटांवरचा बर्फ वितळून फळ्यांवर पाणी साचत गेलं. गोळ्यांचं सांगून टाकायला हादनेनं तोंड उघडलं.

"चुलीत लाकूड घाल गं," म्हातारी कडाडली. "बघत काय बसलीस? विझायला आलीय."

हादनेनं लाकूड घातलं. पुदाकोनं कमरेचा पट्टा सोडला, सुरीसकट बाजूला ठेवला आणि तो तिच्या शेजारी येऊन बसला.

"सहा वर्षं ऐकून घेतलंस," तो हळूच म्हणाला. "एकदाही मला उलटून बोलली नाहीस."

आणि त्यानं आपला थंडगार हात तिच्या हातावर ठेवला. हादनेला हात सोडवून घेता येईना, आणि त्याचा धरताही येईना.