खुनी आधीच कळला तर

लेकीने आईला स्पष्टच बजावलं होतं, “आज शेवटपर्यंत निम्मी माणसंसुद्धा टिकली नाहीत, तर थिएटर फर्निचरवाल्याला द्यायचं. मग रडारड नको.” आईनेही तावातावाने “कबूल!” म्हणून टाकलं, आणि तेव्हापासून ती आत येणारं एकेक डोकं मोजत होती. नवऱ्यामागे हे थिएटर तिने जिवापाड सांभाळलं होतं.

लावला होता जुना रहस्यपट, तिचा अगदी जीव की प्राण. आजारी नायिका, तिला रोज दूध पाजणारा प्रेमळ डॉक्टर, आणि घरात कुणीतरी खुनी. पण हॉलभर कॉलेजची कार्टी! नायिका दचकली की ही खिदळायची. मध्यंतरात लेक म्हणाली, “बघितलंस? असल्या सिनेमाला आता कोण घाबरतंय?” आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मध्यंतर संपलं, पडदा उजळला आणि आई ताडकन उठली. डॉक्टर एकटाच स्वयंपाकघरात उभा राहून दुधात कसलीशी पूड कालवत होता. अरे देवा, हे तर पाचवं रीळ! चौथं कुठे गेलं? ती धापा टाकत वर मशीनच्या खोलीत पोचली. मशीन तिचा धाकटा दीर चालवायचा.

“भावजी, डोकं ठिकाणावर आहे का? खुनी कोण ते आधीच फोडलंत की!”

दिराने कपाळावर हात मारला. “डब्यांची अदलाबदल झाली, वहिनी. आता थांबवलं तर हुर्यो उडेल. हे संपलं की चौथं लावतो.”

आई मान खाली घालून परत येऊन बसली. चौथं रीळ सुरू झालं. डॉक्टर नायिकेच्या उशाशी बसला, मायेने केसांवरून हात फिरवला, दुधाचा पेला पुढे केला. या प्रसंगाला पूर्वी बायका विरघळायच्या. आज हॉलमध्ये चिडीचूप. नायिकेने पेला ओठाला लावला, बोलायला खाली ठेवला, पुन्हा उचलला.

“अगं बाई, पिऊ नकोस!” एक पोरगी किंचाळली. मग काय, अख्खा हॉल ओरडायला लागला. लेकीने तर आईचं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली.

शेवटपर्यंत एकही जण हलला नाही.

“फर्निचरवाल्याला मीच नाही म्हणून कळवते,” लेक म्हणाली. “पण दिग्दर्शकाचं डोकं काय गं! खुनी आधीच दाखवला!”

दीर दारात चोरासारखा उभा होता. गप्प बसणं सोपं होतं, पण आईला राहवेना. “ते डोकं तुझ्या काकाचं,” असं म्हणत तिने सगळं सांगून टाकलं.

लेक काकाकडे वळली. “म्हणजे मी खरा सिनेमा पाहिलाच नाही? काका, उद्या नीट लावा. मी येणार.”

“अगं, आता खुनी ठाऊक आहे तुला,” काका म्हणाले.

“असू दे की! तरी बघायचाय मला.”

आईला इतकं भरून आलं, की ती तडक उद्याच्या खेळाची पाटी लावायला गेली.