डावा स्पीकर

गाडीची किल्ली तिच्या हातात ठेवण्याआधी बाबांनी तिला टेपचे नियम सांगितले. इंजिनाबद्दल ते फारसं बोलले नाहीत.

"गाडी बंद करायच्या आधी कॅसेट बाहेर काढायची. आत राहिली की रबरी चाक दाबलेलंच राहतं, त्याला खळगा पडतो. मग गाणारा माणूस गटांगळ्या खात गातो. महिन्यातून एकदा हेड पुसायचं, कापसाला स्पिरिट लावून. थेंबभर. आंघोळ घालायची नाही."

"आणि कॅसेट उन्हात ठेवायची नाही," ती म्हणाली. हे तिला लहानपणापासून पाठ होतं.

"तुझ्या भावाला अजून पाठ नाही."

बाबांनी उभं आयुष्य छापखान्यात यंत्र चालवलं. आई गेल्यावर काही वर्षं ते एकटेच राहिले, मग घर विकून दादाकडे राहायला गेले. दादाच्या इमारतीत गाडी लावायला जागा नव्हती, म्हणून गाडी तिच्याकडे आली. वहिनीने किल्लीकडे पाहत सुस्कारा सोडला. "एक तरी कटकट गेली. बाकी त्यांना काही सांगायची सोय नाही. या कानाने ऐकायचं, त्या कानाने सोडून द्यायचं."

तिने किल्ली मुठीत घेतली. बाबांच्या गप्प बसण्याचा तिचा स्वतःचा अनुभव वेगळा होता, आणि तो तिने कुणाला सांगितलेला नव्हता.

तिचा नवरा आरडाओरडा करणारा नव्हता. शेजारी त्याला देवमाणूस म्हणत. मनाविरुद्ध काही झालं की तो फक्त बोलणं बंद करी. कधी आठवडा जाई, कधी महिना. ताट वाढलं की भिंतीकडे बघत जेवायचा. तिने विचारलेला प्रश्न हवेत तसाच राहायचा आणि शेवटी तीच तो उचलून बाजूला ठेवायची. गप्प बसणं म्हणजे "नाही", हे ती त्या घरात शिकली होती.

घर विकण्याच्या आदल्या वर्षी ती माहेरी आली होती. परतताना बाबा तिला सोडायला निघाले. ती त्यांच्या डावीकडे, पुढच्या सीटवर बसली होती. रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. सकाळपासून मनात घोळवलेलं वाक्य तिने सिग्नलला गाडी थांबल्यावर उच्चारलं, समोरच्या काचेकडे बघत.

"बाबा, मी परत आले तर? कायमची. मागची खोली रिकामीच आहे."

बाबा समोर बघत होते. दिवा हिरवा झाला, त्यांनी गिअर टाकला. बातम्या संपून हवामान सुरू झालं. ती उतरली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जपून जा."

तिने पुन्हा विचारलं नाही. पुढे घर विकल्याचं कळलं तेव्हा तिला आश्चर्यही वाटलं नाही. उत्तर आधीच मिळालेलं होतं.

गाडी ताब्यात आल्यावर तिच्या लक्षात आलं की आवाज फक्त तिच्या बाजूच्या दारातून येतोय. डावा स्पीकर मुका होता. रविवारी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. ते डावीकडे बसणार, आणि त्यांच्याच शेजारचा स्पीकर बंद. एवढे नियम सांगणाऱ्या माणसाला हे कसं चाललं, याचं तिला नवल वाटलं. बाजारामागच्या गल्लीत जिन्याखाली दुकान थाटून बसलेल्या टेपवाल्याकडे ती गाडी घेऊन गेली.

"आजारी कोण?" त्याने विचारलं.

"डावा स्पीकर. बदलायला लागेल का?"

तो आत बसला, दाराला कान लावला, मग टेपच्या एका बटणाभोवतीचं कडं फिरवू लागला. ते हलेना. त्याने फडक्यात धरून जोर केला तेव्हा कुरकुरत वळलं, आणि डाव्या दारातून आवाज आला, स्वच्छ.

"स्पीकर ठणठणीत आहे, ताई. सगळा आवाज उजवीकडे लोटून ठेवला होता. किती वर्षांचं कीट बसलंय बघा. गाडी कोण चालवायचं?"

"वडील."

"मग बरोबर. डावीकडे बायको बोलत असणार. त्यांना म्हणावं, युक्ती चांगली आहे, मी पण करून बघतो." तो हसला. पैसे घेतले नाहीत. फिरवण्याचे काय घ्यायचे, म्हणाला.

ती गाडी घेऊन गल्लीच्या तोंडाशी आली आणि तिथेच थांबली. डावीकडे बायको बोलत नव्हती. शेवटच्या काही वर्षांत आई पुढे बसतच नसे. ऊन लागतं म्हणून मागे बसायची, बाबांच्या बरोबर पाठीमागे, उजव्या खिडकीकडे कलून. जेवतानाही बाबांच्या उजव्या हाताला तिचाच पाट असे, दुसऱ्या कुणाला ती बसू द्यायची नाही. छापखान्यातलं धडधडणारं यंत्र बाबांच्या डाव्या हाताला होतं. एकदा शाळेतून डबा द्यायला गेली असताना तिने ते पाहिलं होतं. तिथून बाहेर आल्यावर घरी पोचेपर्यंत तिचे कान वाजत होते.

मागच्या गाडीने हॉर्न दिला. ती कशीबशी कडेला झाली.

रविवारी बाबा डावीकडे बसले. आता त्यांचा उजवा कान तिच्या बाजूला होता. त्यांनी सवयीने टेपकडे हात नेला, कडं चाचपलं आणि हात तिथेच थांबला.

"हे मधे कुणी आणलं?"

"टेपवाल्याने. मला वाटलं स्पीकर बिघडलाय."

बाबांनी हात मागे घेतला. "म्हणजे कळलं तर."

"कधीपासून?"

"छापखाना सोडायच्या आधीपासून. तुझ्या आईला ठाऊक होतं. दादाला सांगू नकोस. आत्ता निदान हेकट म्हणून का होईना, भांडतात. बहिरा आहे कळलं की बोलणंच सोडतील."

"वहिनी तशी नाहीये, बाबा."

"तशी नाहीये. पण दमलेली आहे."

त्यांनी कॅसेट आत सरकवली. आवाज लहानच ठेवला. डॉक्टरकडे काम पटकन झालं. परतताना तोच सिग्नल लागला. तिने आरशात बघितलं, उगाच.

"ठमे," बाबा म्हणाले, "तू नेहमी या सीटवर बसायचीस. कधी काही बोलली असशील आणि मी ऐकलं नसेल, असं झालंय का?"

"मी कुठली बोलतेय? रस्ताभर तुमच्या बातम्या."

"एकदा तू उतरलीस तेव्हा चेहरा पडला होता. फोन करावा म्हटलं. पण फोनवर तू काय म्हणतेस ते मला अर्धंच कळतं. मग म्हटलं, असेल. घरी जाताना माणूस खट्टू होतोच." ते थांबले. "घर देताना तेवढं एक मनात आलं होतं. पण तुझं तिकडे बरं चाललंय म्हटल्यावर मागची खोली कुणासाठी ठेवायची?"

दिवा हिरवा झाला.

"काही बोलले नव्हते मी," ती त्यांच्या कानाशी, स्पष्ट म्हणाली. "आणि बरंच चाललंय."

बाबांनी मान हलवली. त्यांना ते नीट ऐकू आलं होतं.

दादाच्या इमारतीचं फाटक थोडं मागे राहिलं. बाबा उतरले, डोळ्यांच्या थेंबांची पिशवी सांभाळत मागे वळून चालू लागले. गाडी आता त्यांच्या डाव्या हाताला होती आणि खिडकीची काच खाली होती.

"बाबा," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मी परत आले तर?"

ते चालत राहिले. चप्पल फरफटत होती. वहिनीने धुतलेला शर्ट मागून चुरगळला होता. फाटकापाशी पोचल्यावर त्यांनी सगळं अंग वळवून तिच्याकडे पाहिलं, आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तसे मोठ्याने म्हणाले, "कॅसेट आठवणीने काढ गं!"

तिने हात वर केला.

घराखाली तिने गाडी लावली. वरच्या खिडकीचा पडदा हलला आणि पुन्हा सरळ झाला. गाणं अर्ध्यावर होतं. तिने किल्ली फिरवली, दार लावलं, आणि ती जिना चढू लागली. कॅसेट आतच होती.