नियम एकशे बारा

बाई प्राचार्यांच्या खोलीत शिरल्या त्या तणतणतच. हिशेबशास्त्र शिकवण्यात त्यांची तीस वर्षं गेली, आणि आता पेपर तपासणार कोण, तर संगणकातली तज्ज्ञ प्रणाली! मुलं तिला 'मास्तर' म्हणत. तिच्यातला एकेक नियम बाईंनीच संगणकवाल्या पोरांना तीन महिने मुलाखती देऊन सांगितलेला, म्हणून तर जास्तच जळफळाट.

"या मुलीला शून्य? एका प्रश्नापायी हिचं वर्ष वाया जाणार!"

मुलगी दाराशी अवघडून उभी होती. सारखी प्रश्न विचारते म्हणून वर्गानं तिचं नाव शंकासुर ठेवलं होतं. पेपरातला प्रश्न साधा होता: गोदामात तीन वर्षं पडून असलेल्या कापडाच्या गठ्ठ्यांची किंमत वर्षअखेरीस किती धरावी? बाजारभाव दिलेला नव्हता. तिनं लिहिलं होतं, 'आधी गोदामात जाऊन गठ्ठे उघडून बघेन. कापड कुजलं असेल तर खरेदीची किंमत धरणं म्हणजे खोटा नफा दाखवणं.'

"याहून शहाणं उत्तर मी आजवर वाचलेलं नाही," बाई कडाडल्या. "त्या संगणकवाल्यांनी माझ्या नियमांची पार वाट लावलीय. अक्कल गहाण टाकून बसलेत मेले!"

"बाई, ते 'का?'चं बटण दाबा," प्राचार्य म्हणाले. "मास्तर कारण सांगतो."

बाईंनी बटणावर बोट आपटलं. पडद्यावर नियम एकशे बारा आला आणि पाठोपाठ मुलाखतीचं ध्वनिमुद्रण सुरू झालं. आवाज बाईंचाच होता. "बाजारभाव नसेल तर धरा हो खरेदीची किंमत, आणि चला पुढे. मला उशीर होतोय."

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. ज्यांच्या नावानं आठवडाभर बोटं मोडली, त्या पोरांनी शब्दही इकडचा तिकडे केला नव्हता. आता त्यांना स्वतःचाच संताप आला.

"नियम चुकलाय. माझा. लेखी देते."

"नीट विचार करा. याच नियमावर दोनशे मुलं पास झालीत. सगळे पेपर पुन्हा तपासावे लागतील. तुमचं नाव परीक्षकांच्या यादीतून जाईल."

"जाऊ दे." बाईंनी समोरचा कोरा कागद ओढला.

"बाई," मुलगी हळूच म्हणाली, "पण मी मनानं नव्हतं लिहिलं. पहिल्याच तासाला तुम्ही सांगितलं होतंत, आधी गोदाम बघा म्हणून. मग मास्तरला का नाही सांगितलंत?"

प्राचार्यही बाईंकडे बघायला लागले. बाईंनी कागदावर पहिलं वाक्य लिहिलं: 'मला उशीर होत होता.'