शंभर मोजेपर्यंत

गुम्सूनने सुनेच्या हातातला माईक काढून घेतला आणि ऑर्गनवाल्याच्या पुढ्यात ठेवला.

"पुरे. एक कडवं झालं."

"दुसरं! दुसरं!" पाहुणे ताटल्यांवर चॉपस्टिक आपटत होते. साठीच्या जेवणाला पोरांनी एकेक करून आईपुढे वाकायचं, तिला दारू ओतून द्यायची आणि एकेक कडवं म्हणायचं. ज्याचं जमलं त्याच्याकडून लोक दुसरं मागतात. सुनेचं जमलं होतं, आणि गाणंही त्या वर्षीचं सगळ्यात गाजलेलं होतं. टीव्हीवर ते पाच आठवडे पहिल्या नंबरावर राहिलं. तिथंही गायिकेला एकच कडवं मिळे, मागे पुढचा गायक उभा असे.

"सासूला सुनेचं कौतुक सोसवेना!" मागून कुणीतरी म्हणालं आणि हॉलभर हशा पिकला. गुम्सूनही हसली. तिच्या पुढ्यात चेस्टनटचे आणि सुक्या बोरांचे हातभर उंच मनोरे रचले होते. त्यांच्या आडून तिने मुलाकडे बघितलं. तेशिक, एकोणचाळीस वर्षांचा घोडा, रेशमी बाहीने डोळे पुसत होता.

"कळत नाही आई, हे गाणं लागलं की मला कसंतरीच होतं."

"गाण्याने नाही, दारूने होतंय. भात खा."

मग तिची नजर शेवटच्या टेबलाकडे गेली. तिथे बाजारातली तिची शेजारीण, चोंगजूवाली, तोंडाला रुमाल लावून रडत होती. इतके दिवस गुम्सूनच्या मनात नुसता संशय होता. आता खात्री झाली.

पंपापाशी बसवून मला
शंभर मोज म्हणालीस, आई.
शंभराच्या आत येते म्हणून
गर्दीत गेलीस घाईघाई.

गाण्याच्या पहिल्या कडव्यातले हे शब्द तिने जगात एकाच माणसाला सांगितले होते. पंचवीस वर्षांपूर्वी चोंगजूवालीचा पोर तापाने गेला. बाई अन्नाला शिवेना, तेव्हा गुम्सून तिच्या शेजारी आडवी झाली आणि तिने पोटातलं ओठावर आणलं. युद्धाचा हिवाळा, दक्षिणेकडची शेवटची मालगाडी, टपावर मुंग्यांसारखी माणसं. पाठीला तान्हा तेशिक, हाताला सहा वर्षांची बुनी. पोरीला फलाटावरच्या पंपापाशी बसवलं, शंभर मोज म्हटलं आणि मी वर जागा बघायला चढले, तोच गाडी सुटली. एवढंच सांगितलं होतं. बाकी सगळ्यांसाठी बुनी गोवराने गेली होती. तेशिकसाठीसुद्धा. पाच वर्षांपूर्वी टीव्हीवर ताटातूट झालेली माणसं एकमेकांना शोधायची, अख्खा देश टीव्हीपुढे बसून रडायचा, तेव्हा गुम्सूनच्या घरचा टीव्ही महिनाभर बिघडलेला होता. ती स्वतःच त्याची वायर काढून ठेवत असे.

आणि चोंगजूवालीचा भाचा सोलमध्ये गिटार वाजवतो. आणखी काय पुरावा हवा?

तिने चोंगजूवालीला हॉलमागच्या भांडी घासायच्या जागेत गाठलं.

"काय मिळालं भाच्याला? मोटार घेतली का?"

"काय बोलतेस आक्का?"

"मी तुला माझं काळीज दिलं, तू ते हातगाडीवर विकायला ठेवलंस. केसाने गळा कापलास गं. पोरगा गेला तेव्हा तुला मी भरवलं होतं. या हाताने."

चोंगजूवाली पांढरीफटक पडली. तिच्या हातात तेशिकने दिलेली केकची पिशवी होती. ती तिने ओल्या फरशीवर ठेवली आणि चपला न चढवता, हातात घेऊनच निघून गेली.

बाजारात दोघींच्या टपऱ्या एकमेकींना चिकटून. गुम्सूनची सुकी मासळी, चोंगजूवालीचं समुद्री शेवाळ. तीस वर्षं दोघींचा एक स्टोव्ह, एक किटली आणि एकच छत्री होती. आता गुम्सूनने मधे रिकाम्या खोक्यांची भिंत रचली. गिऱ्हाईक शेवाळ मागायला आलं की ती म्हणे, "शेजारी बघा. तिथे सगळं मिळतं. लोकांच्या घरातलंसुद्धा." एवढं मोठ्याने, की भिंतीपलीकडे जावं. पलीकडून उत्तर येत नसे. त्याचा तिला जास्त राग येई. भांडायलाही माणूस समोर लागतं.

गाणं मात्र सगळीकडून यायचं. नक्कल कॅसेटवाल्याची हातगाडी बाजाराच्या तोंडाशीच उभी. सूर लागला की गुम्सून वजनाचा काटा आपटी, नाहीतर पाण्याचा नळ मोठा सोडी, आणि पहिल्या दोन ओळींच्या पुढे काही कानावर पडू देत नसे.

आठव्या दिवशी दुपारी खोक्यांची भिंत हलली. वरची तीन खोकी खाली आली आणि मागे चोंगजूवाली दिसली. हातात टेप. तिने तो गुम्सूनच्या मांदेलीच्या ढिगावरच ठेवला.

"माल चिरडशील माझा!"

"चिरडू दे. काल मी गाडीवाल्यापुढे उभी राहून हे पुरतं ऐकलं. लोक बघत होते, बघू दे म्हटलं. आता तू ऐक. सगळं. मग थुंक माझ्यावर."

"मला माहितेय काय आहे ते."

"पहिलं कडवं माहितेय." चोंगजूवालीने बटण दाबलं.

गुम्सूनने हात पुढे केला, तो चोंगजूवालीने मनगटाशी धरला. शेवाळ उपसून उपसून त्या हाताला लोखंडाची ताकद आली होती. पहिलं कडवं गेलं. मधे व्हायोलिन वाजलं. पलीकडची कालवंवाली आपल्या नादात गुणगुणू लागली. तिला सगळं पाठ होतं.

शंभर झाले, गाडी उभीच,
टपावर तू दिसलीस, आई.
तोंडावरून शाल ओढलीस,
माझंच मोजणं चुकलं बाई.

गुम्सूनचा हात सैल पडला.

गाडी तासभर उभी होती. वर एकाच अंगाची जागा मिळाली होती, आणि खालचे लोक चढणाऱ्यांचे पाय ओढत होते. उतरलं असतं तर जागा गेली असती. पोरगी पंपापाशी नीट बसून होती, बोटांवर मोजत, ओठ हलवत. मग ओठ थांबले. तिने मान वर केली आणि डबे एकेक करून धुंडाळत नजर बरोबर इथवर आणली. तेव्हा गुम्सूनने शाल पुढे ओढली होती. हे तिने चोंगजूवालीला सांगितलं नव्हतं. मरत्या नवऱ्यालाही नाही. त्या फलाटावर शाल बघणारे डोळे दोनच होते.

टेपवर पुढचं गाणं सुरू झालं, नाचायचं.

"मी कुठून सांगणार होते हे?" चोंगजूवाली म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मला तर तू म्हणाली होतीस, गाडी सुटली."

गुम्सूनने ढिगावरची एक मांदेली उचलली, तिचं डोकं मोडलं, आणि ते कुठे टाकावं हे न कळून मुठीत धरून ठेवलं.

"पंचवीस वर्षं," चोंगजूवाली म्हणाली, "माझ्या पोराच्या तिथीला त्याच्या बरोबरीने मी तुझ्या पोरीसाठीही भात वाढून ठेवलाय. बिचारी, आईची गाडी सुटली म्हणून."

 

गुम्सूनने टेपबरोबर आणलेलं कॅसेटचं खोकं उलटसुलट केलं. फोटोकॉपीचा कागद, त्यावर गाण्यांची नावं, तीही पुसट.

"लिहिलं कुणी, ते कुठे असतं?"

"यावर नसतं. हा चोरीचा माल. अस्सलवर असतं."

"मला बारीक अक्षर लागत नाही."

चोंगजूवालीने टेप बंद केला. आपल्या टपरीवर जाऊन ताडपत्री ओढली, दोरी बांधली, आणि गुम्सूनसाठी न थांबता चालू लागली. चार पावलं मागून गुम्सून निघाली. रबरी एप्रन काढायचंही तिला सुचलं नाही.

बस थांब्याजवळच्या रेकॉर्डच्या दुकानात एक मुलगी बसली होती. दोन म्हाताऱ्यांच्या मासळीच्या वासाने तिने नाक जरासं मुरडलं.

"त्या शंभर मोजायच्या गाण्याची अस्सल कॅसेट पाहिजे," गुम्सून म्हणाली. आयुष्यात प्रथमच तिने भाव विचारला नाही. "फोड. शब्द कुणाचे, वाच."

मुलीने प्लास्टिक काढलं, आतला घडीचा कागद उलगडला आणि बोट फिरवलं.

"शब्द... शिन बुनी."

शिन हे गुम्सूनच्या नवऱ्याचं आडनाव. पोरीने काही बदललं नव्हतं. ना नाव, ना आडनाव. देशातल्या प्रत्येक दुकानात, प्रत्येक अस्सल कॅसेटवर ते वसंतापासून छापलेलं होतं, ज्याला वाचायचं त्याने वाचावं म्हणून.

"ओळखीच्या आहेत का, आजी?" मुलीने विचारलं.

चोंगजूवाली दाराशी उभी होती. गुम्सूनचा शब्द अडला की पुढचा नेहमी तिचा असे. आज ती रस्त्याकडे बघत राहिली.

"माझी मुलगी," गुम्सून म्हणाली. "मी सोडून आले तिला." मग मुलीला नीट कळावं म्हणून, सावकाश: "गाडी उभी होती."

मुलीला काही कळलं नाही. तिने कागदाची पूर्वीसारखी घडी घातली आणि कॅसेट पिशवीत टाकली.